हसू नका, रडू नका, शिंकू नका

...आणि वर ती नर्स मला विचारते, "कळलं ना सगळं?" अहो, कळलं काय डोंबल! भूल अजून पुरती उतरलेली नाही, नाकावर हे एवढं प्लास्टर, नाकपुड्यांत बोळे, दोन्ही डोळ्यांखाली जांभळं-काळं झालेलं, मी माशासारखी तोंडाने श्वास घेतेय, आणि ही बाई माझ्या उशाशी उभी राहून एका दमात म्हणते, "हसायचं नाही, रडायचं नाही, शिंकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, कडक चावायचं नाही, चष्मा लावायचा नाही, उन्हात जायचं नाही, आडवं झोपायचं नाही, जांभई आली तर अर्धीच द्यायची, थोडक्यात काय, चेहरा हलवायचा नाही!" अर्धी जांभई! तुम्ही कधी अर्धी जांभई दिलीय? नाही ना? देऊन बघा घरी गेल्यावर. उरलेली अर्धी कुठे जाते ते मला कळवा, कारण माझी अजून आत कुठेतरी अडकून बसलीय.

बरं, मी नुसतं ऐकलं असतं तर विसरलेही असते. पण शेजारी आमचे हे उभे होते ना! हे लिफ्ट दुरुस्त करतात. आता लिफ्टवाल्या माणसाचा सूचनांवर किती विश्वास असतो, तुम्हाला सांगते! 'सहा माणसांसाठी' अशी पाटी असली की सातवा माणूस म्हणजे यांच्या दृष्टीने खुनी. यांनी खिशातून पेन काढलं, नर्सचं प्रत्येक वाक्य लिहून घेतलं, घरी आल्यावर लाल शाईत मोठ्या अक्षरांत उतरवलं आणि फ्रिजच्या दारावर चिकटवलं. अकरा नियम. शेवटचा नियम दोनदा अधोरेखित. चेहरा हलवायचा नाही!

आणि यातली गंमत सांगू? गेली अठरा वर्षं हे वाक्य माझं आहे! हो, मी फोटो स्टुडिओत काम करते. लग्नाबिग्नाचे नाही हो, ओळखपत्राचे फोटो. पासपोर्ट, परवाना, परीक्षेचा अर्ज, नोकरीचा अर्ज. मागे पांढरा पडदा, पुढे स्टूल, दोन दिवे. गिऱ्हाईक आलं की स्टुलावर बसवायचं आणि म्हणायचं, "सरळ बघा, हनुवटी खाली, दात दाखवू नका, चेहरा हलवू नका." दिवसाला साठ वेळा. अठरा वर्षं! हिशोब तुम्हीच करा, मला आकडे मोजायला कपाळाला आठ्या घालाव्या लागतात आणि आठ्या घालायला बंदी होती.

आता नाकाचं सांगते. माझं नाक म्हणजे माझ्या आत्याचं नाक. अगदी तेच. मधे उंचवटा, पुढे टोक खाली वाकलेलं, बाजूने बघाल तर पोपट लाजेल. घरात आत्याला 'मोठं नाक' म्हणायचे आणि मला 'धाकटं नाक'. लग्नकार्यात कुणी ओळख करून द्यायचं तर, "ही कोण सांगायला नको, नाकच सांगतंय." सगळे हसायचे. आत्या सगळ्यांत मोठ्याने. मी आपली नाक मुरडून बाजूला. तिचं ठीक होतं हो, ती टेलिफोन ऑपरेटर होती, तीस वर्षं तिचा नुसता आवाज लोकांनी ऐकला! मी दिवसभर आरशासमोर. स्टुडिओत गिऱ्हाइकांना केस नीट करायला भिंतभर आरसा आहे, आणि गिऱ्हाईक गेलं की त्या आरशात कोण उरतं? मी आणि माझं नाक. बरं, लोकांची नाकं मी संगणकावर रोज सरळ करते. इकडे थोडं कमी, तिकडे थोडं उचल, दोन मिनिटांचं काम. मग सत्तेचाळिसाव्या वर्षी वाटलं, आपलंही करून घ्यावं. यांनी विचारलं, "दुखेल का?" लेकीने विचारलं, "आई, नक्की?" कुणी अडवलं नाही.

अडवलं फक्त आत्याने. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात तिच्या घरी गेले, सांगितलं. ती खुर्चीत बसली होती, हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि म्हणाली, "माझं नाक काढून टाकतेस?"

मी म्हटलं, "तुझं नाही आत्या, माझं."

"तुला मिळालं कुठून?"

"मी मागितलं होतं का?"

बोलून गेले. काय करणार, तोंडातून निघालं. तिने वर्तमानपत्र परत उचललं आणि चेहऱ्यासमोर धरलं. मीही चपला घातल्या आणि निघाले. माझ्या नाकावर राग, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. तो पण तिच्याकडूनच आलेला.

तर ऑपरेशन झालं. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बरोब्बर सातला यांच्या मोबाइलवर फोन. आत्या! ऑपरेटरबाईंचा फोन म्हणजे घड्याळ लावून घ्यावं. यांनी फोन माझ्यापुढे धरला. आतून आवाज येतोय, "नाक कसंय? अगं, बोल की!" आणि मी काय केलं माहितीय? बोटाने फ्रिजकडे दाखवलं. हे लगेच म्हणाले, "आत्या, तिला चेहरा हलवायचा नाही."

आता तुम्हाला म्हणून सांगते, बोलायला बंदी नव्हती. अकरा नियमांत बोलण्याचा नियम नव्हताच! त्याच दिवशी सकाळी सूप खारट झालंय म्हणून मी पाऊण तास बोलले होते. ओठ फारसे न हलवता, पण बोलले होते. आत्याशी मात्र बोलायचं नव्हतं. रुसले होते. तिसऱ्या दिवशी सातला फोन. फ्रिजकडे बोट. पाचव्या दिवशी, सातव्या दिवशी, सातला फोन. फ्रिजकडे बोट. म्हटलं, प्लास्टर निघू दे, नवीन नाक घेऊन तिच्या दारात जाऊन उभी राहते, मग बोलू काय ते नाकावर टिच्चून.

आठव्या दिवशी प्लास्टर निघालं. डॉक्टर मोठे हसरे. आम्हाला हसायला बंदी आणि हे स्वतः बत्तीस दात दाखवत फिरतात! आरसा दिला हातात. मी बघितलं... चष्म्याशिवाय काय बघणार कपाळ? धुक्यात एक टोमॅटो दिसला. डॉक्टर म्हणाले, "सूज आहे, उतरेल. टोकाला काही महिने बधिर वाटेल. वरचा ओठ ताठ राहील, हसू वेगळं दिसेल, घाबरू नका." नर्सने मागून आठवण केली, "आणि चेहरा..." म्हटलं, कळलं, कळलं!

नवव्या दिवसापासून मात्र घरात काहीतरी बिघडलं.

सकाळी मी अंथरुणावर तीन उशांना टेकून बसलेली, तसंच झोपायचं असतं, बसल्या बसल्या. यांचा फोन वाजला. हे बोलत बोलत बाल्कनीत गेले आणि बाल्कनीचं दार लावून घेतलं. आमच्या बाल्कनीचं दार गेली सहा वर्षं लागत नाही हो, फुगलंय! यांनी खांदा लावून, जोर करून लावलं. मग लेकीला आत बोलावलं. दोघांच्या दोन सावल्या काचेमागे. मला काय, चष्मा नाही, नुसत्या सावल्या. एक सावली दुसऱ्या सावलीच्या खांद्यावर डोकं ठेवते... मग बाजूला होते. मग दोघं आत येतात आणि हे म्हणतात, "एक लिफ्ट अडकलीय. लांब आहे. संध्याकाळ होईल."

मी म्हटलं, "कोण अडकलंय?"

हे म्हणाले, "नाही... आत कोणी नाही."

बोला! लिफ्ट अडकली, आत कोणी नाही, आणि हा माणूस हत्यारांची पेटी न घेता निघाला. पेटी दारामागेच. मी ती पायाने चाचपून बघितली.

दुपारी लेकीने माझा फोन उचलला. "आई, स्क्रीन बघायची नाही, डोळ्यांना ताण पडतो." मी म्हटलं, "हा कितवा नियम?" म्हणाली, "बारावा." फ्रिजजवळ जाऊन बघितलं, नाक टेकवता येत नाही म्हणून मान तिरकी करून, गाल टेकवून बघितलं, तर खरंच! निळ्या शाईत बारावा नियम. ओला होता अजून. अंगठ्याला शाई लागली.

संध्याकाळी हे आले. बुटांना माती. लिफ्टच्या कामाला माती कुठून लागेल? ग्रीस लागतं! आल्या आल्या न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले. अर्धा तास पाणी वाहतंय आणि बादली भरल्याचा आवाज नाही. सात वाजले. सव्वासात. फोन नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, आता ती रुसली. रुसू दे.

दहाव्या दिवशी फोन नाही. अकराव्या दिवशी फोन नाही. आणि घरात सगळे इतके गोड, इतके गोड की मला धडकी भरली. अहो, लग्नाला तेवीस वर्षं झाली, यांनी कधी माझी उशी ठीक केली नव्हती. आता तासातासाला उशी! लेक माझे केस विंचरतेय. शेजारची ताई सूप घेऊन आली, दारातच म्हणाली, "अरेरे, बाई गं, असं कसं एकदम..." आणि लेकीने तिला अशी ओढली बाहेर की अर्धं सूप जिन्यात! बाहेर कुजबुज. ताई परत आत आली आणि म्हणाली, "असं कसं एकदम... छान झालंय नाक!" आणि आवाज रडवेला. कुणी रडवेल्या आवाजात नाकाचं कौतुक करतं?

मला वाटलं, संपलं. नाक गेलं. नाक आत सडतंय आणि हे सगळे माझ्यापासून लपवतायत. मी टोक दाबून बघायचे, काही कळायचं नाही. चिमटा काढायचे, काही नाही. बोट दुसऱ्याच्या नाकावर ठेवल्यासारखं. तुम्हाला सांगते, आपल्याच चेहऱ्यावर मधोमध कुणीतरी परकं येऊन बसलंय आणि त्याला आपण विचारूही शकत नाही की बाबा, तुझी तब्येत कशी आहे, ही काय अवस्था! मग वाटलं, नाक नाही, दुसरंच काहीतरी. यांचं बाहेर कुणीतरी असणार. माती लागलेले बूट, न्हाणीघरातलं पाणी, बाल्कनीतले फोन. आणि लेकीला माहीत आहे! मी संतापाने थरथरतेय आणि चेहरा कसा? ढिम्म. हे आत यायचे, माझ्याकडे बघायचे, म्हणायचे, "शांत आहे. बरं आहे." काय शांत? आतून भट्टी! पण चेहरा हलवायचा नाही!

पंधराव्या दिवशी मी लेकीला म्हटलं, "मला चष्मा दे."

"आई, नाकावर भार..."

"नाकावर नको. कपाळाला चिकटव."

तिने तो कागदी चिकटपट्टीने कपाळाला लटकवला. काचा डोळ्यांसमोर हलतायत घंटेसारख्या. आणि मी पंधरा दिवसांनी पहिल्यांदा नवऱ्याचा चेहरा बघितला.

अठरा वर्षं मी चेहरे बघतेय हो. नुसता स्थिर ठेवलेला चेहरा वेगळा आणि आत काही दाबून धरलेला चेहरा वेगळा. दाबून धरलेल्या चेहऱ्याची खालची पापणी हलते. एवढीशी. मुलाखतीला निघालेल्यांची हलते, नुकतंच घरी भांडून आलेल्यांची हलते. यांची दोन्ही डोळ्यांखाली हलत होती. गालफडं आत गेलेली. दुसऱ्या बाईकडे जाणारा माणूस असा दिसत नाही, एवढं मला कळलं. तो दाढी तरी नीट करतो.

मी विचारलं, "काय झालंय?"

हे म्हणाले, "काही नाही गं. तू चेहरा हलवू नकोस."

विसाव्या दिवशी मी कामावर गेले. हे नको म्हणत होते, उद्या डॉक्टरकडे जाऊन मग जा म्हणत होते, मी ऐकते थोडीच! घरात त्या गोडव्याने जीव गुदमरायला लागला होता. स्टुडिओचे मालक म्हणजे भला माणूस, पण मला बघताच खुर्चीतून ताडकन उठले. "ताई! आलात? आज? एवढ्यात?" नाकाकडे बघतच नाहीत! जगातला प्रत्येक माणूस आधी नाकाकडे बघत होता, हे माझ्या चपलांकडे बघतायत.

मी संगणक उघडला. वीस दिवसांची कामं, कुठे काय ठेवलंय बघावं म्हणून छापून झालेल्या फोटोंची यादी काढली. आमच्याकडे कसं, लहान फोटो लहान फोटोंच्या रकान्यात, आणि कुणी ओळखपत्राचा फोटो मोठा करायला आणला तर तो वेगळा. आता ओळखपत्राचा फोटो भिंतीएवढा मोठा करून, चौकटीत बसवून कोण मागतं? जिवंत माणूस मागत नाही. मागतात ते घरचे. माणूस गेल्यावर घरात शोधाशोध होते, सगळे फोटो घोळक्यातले निघतात, आणि शेवटी एकट्याचा, सरळ बघणारा फोटो तो एकच असतो. अशी कामं आम्ही आधी हातात घेतो, न बोलता.

यादीत मोठ्या फोटोंमध्ये एकच काम होतं. दहा दिवसांपूर्वीचं. चौकटीसह. मागवणाऱ्याच्या जागी माझ्या आतेभावाचं नाव.

मी फोटो उघडला.

तो मीच काढला होता. दोन वर्षांपूर्वी तिच्या पेन्शनच्या कामासाठी. स्टुलावर बसली होती, मी म्हणतेय, "आत्या, हलू नकोस, चेहरा हलवू नकोस," आणि ती म्हणतेय, "अगं, नाक मावतंय का चौकटीत बघ आधी," आणि ओठ मिटून हसू दाबतेय. फोटोत ते दिसतं. बाकी कुणाला नाही दिसणार, मला दिसतं. खालची पापणी.

मागून मालकांचा आवाज, "ताई... ताई, चेहरा हलवू नका! तुमच्या यजमानांनी मला बजावून सांगितलंय!"

आणि तुम्हाला खोटं वाटेल, मी हलवला नाही. सवय झाली होती. मी तशीच बसले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, नोकरीच्या अर्जाचा फोटो, घाई आहे म्हणाला. मालक म्हणाले, मी काढतो. मी म्हटलं, नको. उठले, दिवे लावले, त्याला बसवलं. "सरळ बघा." तो बघतोय. "हनुवटी खाली." तो करतोय. "चेहरा..." पुढचा शब्दच येईना. "चेहरा..." म्हटलं परत. तो बिचारा स्टुलावर ताठ. आणि मग माझ्या हनुवटीवरून काहीतरी टपटप गळायला लागलं. डोळ्यांतून की नाकातून मला कळत नव्हतं, बधिर ना सगळं! मान खाली घातली तशी कपाळावरची चिकटपट्टी सुटली, चष्मा खाली पडला, आणि तो माणूस म्हणाला, "बाई, मी उद्या येऊ का?"

घरी गेले. हे दारातच होते, मालकांनी फोन केला असणार. मी विचारलं, "कधी?"

"नवव्या दिवशी. सकाळी. झोपेतच, अगं. काही त्रास नाही."

"म्हणजे लिफ्ट..."

"हो."

"अकरा दिवस! अकरा दिवस तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तू रडली असतीस."

"मग? रडले असते!"

"नाकाला..."

"आग लावा त्या नाकाला!"

आणि हा माणूस, तुम्हाला सांगते, अत्यंत गंभीरपणे म्हणतो, "अगं, त्याला उन्हातसुद्धा न्यायचं नाहीये."

मी हसले की रडले मला माहीत नाही. दोन्हीला बंदी होती, दोन्ही एकदम झालं.

त्याच दुपारी आतेभावाकडे गेलो. दारात माझ्याकडे बघितलं त्याने आणि क्षणभर ओळखलंच नाही. मग म्हणाला, "ये." आत खुर्ची तिथेच, भिंतीवर फोटो. मी काढलेला. नातेवाईक बसलेले, सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघतायत. आता माझा वरचा ओठ ताठ, गाल सुजलेले, चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. कोपऱ्यातून एक काकू हळूच, पण मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, "बघा, कशी कोरडी बसलीय. लहानपणी आत्याने अंगाखांद्यावर खेळवलं हिला." मी काय सांगू? की काकू, आतून चाललंय, बाहेर यायला वेळ लागतोय?

आतेभावाने चहा दिला. म्हणाला, "आई रोज विचारायची, बोलली का ती? मी म्हणायचो, डॉक्टरांची बंदी आहे. तिला ते पटलं होतं. म्हणायची, डॉक्टरांचं ऐकतेय ना, मग बरं आहे."

पटलं होतं हो तिला! तीस वर्षं ऑपरेटर होती, खरं कारण आणि थाप तिला पहिल्या श्वासात कळायची. आणि हे म्हणे पटलं होतं.

"तुला एकच विचारायचं होतं तिला," आतेभाऊ म्हणाला. "रोज म्हणायची, फोनवर आली की विचारते."

"काय?"

तो जरा ओशाळला. "ते... ऑपरेशनमध्ये मधलं हाड काढतात ना, ते घरी देतात का? म्हणाली, देत असतील तर मला दे म्हणावं. माझं आहे ते."

मग मात्र बांध फुटला. दोन तास, तुम्हाला सांगते, दोन तास! तोंड वेडंवाकडं करून, हमसून हमसून, अकरा नियम एका जागी बसून मोडले. काकूच मला पाणी पाजायला आली. आणि हे समोर रुमाल घेऊन उभे, एकसारखे म्हणतायत, "शिंकरू नकोस, नुसतं टिप! नुसतं टिप!"

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर चेहरा म्हणजे भोपळा. डोळे दिसत नाहीत, नाक उजवीकडे गेल्यासारखं वाटतंय. हे बघून पांढरे पडले. लगेच रिक्षा केली. मला वाटलं, झालं, आत्याही गेली आणि नाकही गेलं, एका महिन्यात घरातली दोन्ही नाकं! दवाखान्यात डॉक्टरांनी दिवा लावला, आत बघितलं, बाहेरून दाबलं, परत आत बघितलं.  हसरा माणूस, हसेना. 

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

यांनी सांगितलं. सगळं. अकरा दिवस कसे लपवले, लेकीने फोन कसा काढून घेतला, एकट्याने कसे गेले, खांदा दिला, परत आले, न्हाणीघरात नळ सोडून कसे बसले, कारण हिच्यासमोर रडलो तर हीही रडेल. म्हणाले, "डॉक्टर, मी शक्य तेवढं सांभाळलं. पण काल झालंच. आता काय करायचं?"

डॉक्टरांनी दिवा विझवला. म्हणाले, "अहो, रडल्याने काही होत नाही."

"म्हणजे?"

"थोडी सूज येते, दोन दिवसांत उतरते. नाक शिंकरायचं नाही, मार लागू द्यायचा नाही, एवढंच महत्त्वाचं. रडायला काय हरकत आहे? माणूस आहे. रडणारच."

"पण नर्स म्हणाल्या..."

"त्या सगळ्यांनाच सगळं सांगतात. सवय आहे त्यांना."

मी यांच्याकडे बघितलं. चष्मा नव्हता, पण बघायला चष्म्याची गरजच नव्हती. माझा तेवीस वर्षांच्या संसारातला नवरा, सहा म्हणजे सहाच माणसं लिफ्टमध्ये घालणारा, त्याचा सगळा चेहरा हलत होता. सगळा. एकाच वेळी.

आम्ही बाहेर आलो आणि बाकावर बसलो.  हे दोन्ही हातांत तोंड धरून रडतायत, मी त्यांना धरून रडतेय, मोकळ्या चेहऱ्याने, डॉक्टरांच्या परवानगीने. बारा दिवसांनी. समोर तीन-चार पेशंट, सगळे नाकाची चौकशी करायला आलेले. त्यात एक कोवळी मुलगी, मांडीवर पर्स. बराच वेळ आमच्याकडे बघत होती. शेवटी पुढे वाकून माझ्या त्या भोपळ्याकडे बघत हळूच विचारते, "काकू, फार दुखतं का हो?"

आमच्या यांना खोटं बोलायचा कंटाळा आला होता. डोळे पुसले, तिच्याकडे बघितलं आणि अगदी मनापासून म्हणाले, "नाक नाही दुखत गं, बाळा."

मुलगी उठली. शेजारची बाई उठली. त्यांच्या मागोमाग तो दाढीवाला उठला. दोन मिनिटांत बाक रिकामे!

नाक छान झालंय, सगळे म्हणतात. सहा महिन्यांनी बघायला बोलावलंय. फक्त काउंटरवरच्या बाईने वेळ लिहून देताना सांगितलं, जरा उशिराच या, बाकीचे पेशंट गेल्यावर... आणि यजमानांना खालीच उभं करा.